पलंग व्हिएतनामचा, रेषा दोन: अमेरिका आणि जपानच्या लाकडी फर्निचर आयातीचा आलेख कसा वाचायचा

न्यू जर्सीला मामेभावाकडे उतरलो आणि पहिल्याच शनिवारी त्याने माझ्या हातात षटकोनी पाना ठेवला. लेकीसाठी पलंग मागवला होता, तो चपट्या खोक्यात आला होता, आणि आपल्याकडे बोलावतो तसा तिथे सुतार बोलावणं परवडत नाही. दुपारी दोनला बसलो, पाचला पलंग उभा राहिला, दोन स्क्रू उरले. ते कुठले म्हणून खोकं उलटंपालटं करताना तळाशी छापलेलं दिसलं: 'मेड इन व्हिएतनाम'. वर्षभराने टोकियोत निशी-कासाईला मैत्रिणीकडे गेलो होतो. पुस्तकांचं कपाट सरकवायला हात लावला, तर त्याच्याही पाठीवर तेच.

म्हणून घरी आल्यावर दोन्ही देशांच्या लाकडी फर्निचरच्या आयातीचे आकडे काढून बसलो. एका कागदावर दोन रेषा काढल्या की पहिलं चित्र अगदी सोपं दिसतं. अमेरिकेची रेषा डोंगरासारखी वर जाते, मध्ये दरीत कोसळते, परत चढते. जपानची तळाशी मुंगीच्या चालीने जाते. एवढ्यावरून 'अमेरिकन उधळे, जपानी साधे' असा निकाल द्यायला कुणालाही दोन मिनिटं पुरतील. मीही दिला असता. पण या रेषा नेमकं काय मोजतात हे बघायला गेलो आणि निकाल लांबत गेला.

लाकडी म्हणजे किती लाकडी?

कस्टम्सच्या दृष्टीने पलंग हा पलंग नसतो, तो सहा आकडी नंबर असतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे. तिला एचएस कोड म्हणतात. फर्निचरचा अध्याय ९४ वा. लाकडी ऑफिस फर्निचर ९४०३३०, स्वयंपाकघरातलं ९४०३४०, बेडरूमचं ९४०३५०, आणि यात कुठेच न बसणारं बाकी सगळं लाकडी फर्निचर ९४०३६०. मैत्रिणीचं पुस्तकांचं कपाट या शेवटच्या, 'इतर' नावाच्या गाठोड्यातलं. पहिले सहा आकडे जगभर सारखे. पुढे प्रत्येक देश आपापली शेपटी जोडतो. भारताचा कोड आठ आकडी, जपानचा नऊ, अमेरिकेचा दहा. न्हावा शेवाला कंटेनर सोडवणारा एजंट बिल ऑफ एंट्रीवर जे पहिले सहा आकडे लिहितो, तेच योकोहामाला आणि लॉस एंजेलिसलाही लिहिले जातात. म्हणून तर दोन देशांची तुलना शक्य होते.

आता सोफा घ्या. आत लाकडी सांगाडा, वर फोम, त्यावर कापड. बसणाऱ्याला लाकूड दिसतही नाही. त्याचा कोड ९४०१६१, म्हणजे 'लाकडी चौकटीची, गादी बसवलेली आसनं'. हा सोफा 'लाकडी फर्निचर' म्हणून मोजायचा की नाही? अमेरिकेत हॉल म्हणजे सोफा, त्यामुळे हा कोड धरला की तिची रेषा आणखी उंच होते. जपानी घरात बैठक बऱ्याचदा अजून जमिनीलगतची. तिथे या कोडने तितका फरक पडत नाही. कुणी सोफ्यासकट बेरीज करतं, कुणी फक्त ९४०३ च्या ओळी घेतं, आणि दोघंही वर मथळा देतात 'लाकडी फर्निचरची आयात'. मथळ्याखाली कोड दिले नसतील, तर त्या आलेखावर मी तरी वेळ घालवत नाही.

आणखी एक बारीक जागा. ही वर्गवारी साधारण पाच वर्षांनी सुधारतात. २०२२ च्या सुधारणेआधी फर्निचरचे सुटे भाग, मग ते लाकडाचे असोत की लोखंडाचे, एकाच कोडमध्ये जात. २०२२ पासून लाकडी भागांना ९४०३९१ हा वेगळा कोड मिळाला. सुट्या फळ्या आणून जोडणी आपल्या देशात करणारे कारखानदार आधी लाकडी फर्निचरच्या आकड्यात दिसतच नव्हते, आता वेगळे काढता येतात. जुन्या रेषेला नवी रेषा जोडताना हा सांधा लक्षात ठेवला नाही, तर कोड बदलला म्हणून आलेली उडी बाजार वाढल्याची वाटते.

कुठल्या पैशात, आणि कुठल्या धक्क्यावर?

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अमेरिका आपली आयात साधारणपणे 'कस्टम्स व्हॅल्यू'ने सांगते: मालाची किंमत, पण जहाजाचं भाडं आणि विमा सोडून. जपान सांगतो सीआयएफ किंमत, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून, आपल्या बंदरात उतरेपर्यंत. शिवाय जपानचे आकडे येनमध्ये. म्हणजे एकाने कांद्याचा भाव शेतावर विचारला आणि दुसऱ्याने वाशी मार्केटला.

एरवी हा फरक सोसण्यासारखा असतो. २०२१ मध्ये नव्हता. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरमध्ये साधारण ७६ घनमीटर जागा असते. कोरोनाआधी चीनहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असा कंटेनर न्यायला दीड हजार डॉलरच्या आसपास पडत. सप्टेंबर २०२१ मध्ये तेच भाडं वीस हजारांवर गेलं होतं. भावाच्या पलंगाचं खोकं दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, वीस सेंटिमीटर जाड धरा, म्हणजे ०.२ घनमीटर. जुन्या दराने त्याचं भाडं चार डॉलर, नव्या दराने त्रेपन्न. आणि हा पलंग खोक्यात न घालता जोडून पाठवला असता, तर त्याने निदान पाचपट जागा खाल्ली असती. फर्निचर चपट्या खोक्यातून का प्रवास करतं, आणि आपल्या सुट्टीतला शनिवार का जातो, याचं उत्तर या भागाकारात आहे. पण मुद्दा असा की ते जादा एकोणपन्नास डॉलर अमेरिकेच्या नेहमीच्या आकड्यात दिसतच नाहीत. जपानी पद्धतीने मोजले असते तर दिसले असते.

येनचं प्रकरण याहून मोठं. ऑक्टोबर २०११ मध्ये एक डॉलर ७५-७६ येनला मिळत होता. जुलै २०२४ मध्ये तोच डॉलर १६१ येनपर्यंत गेला. व्हिएतनामच्या कारखान्याने दोन्ही वेळी शंभर डॉलरलाच खुर्ची विकली आणि जपानने दोन्ही वेळी हजारच खुर्च्या घेतल्या असं समजा. येनमधला आकडा ७६ लाखांवरून एक कोटी ६१ लाखांवर जातो. खुर्ची एकही वाढली नाही, रेषा मात्र दुपटीहून वर. उलट, जपानचे येन डॉलरमध्ये बदलून अमेरिकेशेजारी मांडले की आणखी एक गंमत होते. येन घसरताना जपानी आयातदार तितकेच येन खर्च करत राहिला तर डॉलरमधली रेषा खाली येते, आणि वाचणारा म्हणतो जपानी लोकांनी फर्निचर घेणं सोडलं. म्हणून मी दोन्ही देशांच्या रेषा आपापल्या चलनात ठेवतो, एका वर्षाला १०० धरतो आणि बाकीची वर्षं त्याच्या प्रमाणात लिहितो. शिवाय जिथे नगांचा किंवा वजनाचा आकडा मिळतो तिथे तो शेजारी ठेवतो.

अमेरिकेची रेषा: कर लागला, माल वळला

जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत अमेरिका, जपान, युरोप या बड्यांनी फर्निचरवरचं आयात शुल्क शून्यावर आणायचं ठरवलं. म्हणजे लाकडी पलंगावर या दोन्ही देशांत मूळ शुल्क शून्य. तुलनेसाठी ही सोयीची गोष्ट, कारण पुढे एका देशाने शुल्क चढवलं आणि दुसऱ्याने नाही.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेला फर्निचर पुरवणारा आशियातला मोठा कारागीर होता तैवान. मजुरी वाढली तशी तैवानी कारखानदारांनी नव्वदच्या दशकात चीनच्या दक्षिणेत, डोंगगुआनच्या बाजूला बस्तान हलवलं. तिथून जी लाट आली तिने नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियातले पिढ्यान्‌पिढ्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. अनेक कंपन्यांनी आपलं नाव कायम ठेवून माल चीनहून आणायला सुरुवात केली. व्हर्जिनियातल्या गेलॅक्स गावच्या वॉन-बॅसेट कंपनीचे जॉन बॅसेट मात्र हटले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २००३ मध्ये तक्रार दाखल झाली: चीन बेडरूमचं लाकडी फर्निचर पडेल भावाने आमच्या गळ्यात मारतोय.

पडेल भाव म्हणजे कशापेक्षा पडेल, हा प्रश्न इथे मजेशीर वळण घेतो. चीनमधले भाव सरकारी प्रभावाखालचे, म्हणून अमेरिकेचं वाणिज्य खातं ते ग्राह्य धरत नाही. मग चिनी पलंगाचा 'रास्त' खर्च काढायला साधारण त्याच आर्थिक पातळीवरचा दुसरा देश निवडायचा आणि तिथले कच्च्या मालाचे दर लावायचे. या प्रकरणात निवडला गेला भारत. चिनी पलंग स्वस्त की महाग, हे भारतातल्या दरांवरून वॉशिंग्टनमध्ये ठरलं.

४ जानेवारी २००५ ला अँटी-डंपिंग शुल्काचा आदेश निघाला. चौकशीत सहकार्य करणाऱ्या बहुतेक कंपन्यांना दहा टक्क्यांहून कमी शुल्क, न करणाऱ्यांना १९८ टक्के. आता आकडे बघा. चीनहून येणारं बेडरूमचं लाकडी फर्निचर २००४ मध्ये सुमारे १.२ अब्ज डॉलरचं होतं, ते २०१० पर्यंत सुमारे ६९ कोटींवर आलं. शुल्काचा विजय. पण त्याच काळात व्हिएतनामहून येणारं तसलंच फर्निचर सुमारे १५ कोटी डॉलरवरून ९३ कोटींवर गेलं. दोन्ही देशांची बेरीज करा: १ अब्ज ३५ कोटींवरून १ अब्ज ६२ कोटी. मधल्या मंदीला न जुमानता बेरीज वाढलेली. फक्त चीनची रेषा काढणाऱ्याला विजय दिसेल, बेरजेची काढणाऱ्याला नाही. त्यातही व्हिएतनामच्या तेव्हाच्या बिन्ह डुओंग प्रांतातले बरेच कारखाने त्याच तैवानी मालकांचे, डोंगगुआनहून उठून आलेले. तंबू हलला, सर्कस तीच.

शुल्काची गंमत इथेच संपत नाही. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार जमा झालेलं अँटी-डंपिंग शुल्क तक्रारदार कंपन्यांनाच वाटून दिलं जात असे. हा कायदा २००६ मध्ये रद्द झाला आणि १ ऑक्टोबर २००७ नंतर आलेल्या मालाचं शुल्क वाटणं थांबलं, पण तोवर काही कंपन्यांना यातून बरीच रक्कम मिळाली होती. ज्याने तक्रारीवर सही केली त्याला वाटा, शेजारच्या ज्याने केली नाही त्याला शून्य. यावरून त्या धंद्यात जी भाऊबंदकी झाली ती आपल्या शेतजमिनीच्या दाव्यांना शोभेल अशी होती.

पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने चिनी मालाच्या मोठ्या यादीवर १० टक्के शुल्क लावलं, मे २०१९ मध्ये ते २५ टक्के केलं. त्यात फर्निचरही होतं, आणि या वेळी फक्त बेडरूमचं नाही. २०१९-२० च्या सुमारास व्हिएतनामने चीनला मागे टाकलं आणि तो अमेरिकेचा लाकडी फर्निचरचा पहिल्या क्रमांकाचा पुरवठादार झाला.

मग जपानमध्ये व्हिएतनाम कसा वाढला?

इथवरची गोष्ट ऐकून कुणीही म्हणेल की व्हिएतनामचा फर्निचर धंदा अमेरिकेच्या शुल्काने घडवला. मीही तसंच धरून चाललो होतो, निशी-कासाईचं ते कपाट बघेपर्यंत. जपानने चिनी पलंगावर असं कुठलंही शुल्क लावलं नाही. तरीही तिथे व्हिएतनाम वर चढत दुसऱ्या क्रमांकाला आला. चीन अजून पहिला. म्हणजे शुल्क नसलं तरी माल सरकत होता, फक्त सावकाश. चीनमधली मजुरी वाढत होती, व्हिएतनामकडे रबरवूड आणि बाभूळवर्गीय लागवडीचं लाकूड होतं, आणि जपानची सर्वात मोठी फर्निचर साखळी निटोरी, जी १९६७ मध्ये सप्पोरोत एका दुकानाने सुरू झाली, तिने व्हिएतनाममध्ये स्वतःचे कारखाने काढले. या कंपनीचा खर्च बराचसा डॉलरमध्ये, विक्री येनमध्ये. त्यामुळे येनची घसरण तिला जितकी दुखते तितकं शुल्क आपल्याकडच्या आयातदाराला दुखत असेल.

दोन देशांची तुलना करायची ती यासाठी. एका देशात औषध दिलं, दुसऱ्यात नाही. ताप दोघांचाही उतरला. मग औषधाचं श्रेय किती? काही आहेच: अमेरिकेत बदल झपाट्याने आणि पूर्ण झाला, जपानमध्ये अर्धवट. पण सगळं श्रेय शुल्काला देणं चूक. इथे एक खोच मात्र आहे: बिन्ह डुओंगमधला कारखाना अमेरिकेच्या ऑर्डरवर मोठा झाला की त्याची स्वस्ताई जपानलाही मिळते. त्यामुळे जपानला 'औषध न दिलेला रुग्ण' मानणंही पूर्ण खरं नाही. दोघं एकाच दवाखान्यात होते.

जपानची रेषा वाकते ती वेगळ्या ठिकाणी. तिथल्या उपभोग कराचे दर वाढले तेव्हा, म्हणजे एप्रिल २०१४ ला ५ वरून ८ टक्के आणि ऑक्टोबर २०१९ ला १० टक्के, लोकांनी आधी खरेदी उरकून घेतली आणि नंतर हात आखडला. ही टेकडी आणि तिच्यामागचा खड्डा महिन्यांच्या आकड्यांत दिसतो, वर्षाच्या बेरजेत बराचसा बुजतो.

स्वयंपाकघराची ओळ तर स्वतंत्र गोष्ट आहे. जपानच्या ९४०३४० मध्ये वरच्या जागा फिलिपिन्स आणि व्हिएतनामच्या, चीनच्या नाहीत. तिथे ओटा, कपाटं, सिंक मिळून 'सिस्टिम किचन' नावाचा एकसंध संच बसवतात. हा माल दुकानातून ग्राहक उचलत नाही, घर बांधणारा मागवतो. म्हणून ही ओळ घरबांधणीबरोबर हलते. अमेरिकेत हीच ओळ एप्रिल २०२० मध्ये चिनी किचन कॅबिनेटवर शुल्क लागलं तेव्हा मोडली.

भागायचं कशाने?

२०२४ मध्ये अमेरिकेची लोकसंख्या ३४ कोटींच्या आसपास, जपानची सुमारे १२ कोटी ४० लाख. तेव्हा दरडोई काढल्याशिवाय बोलायचंच नाही, हे ठीक. पण फर्निचर माणूस नाही, घर घेतं. म्हणून मी नव्या घरांच्या संख्येने भागून पाहिलं आणि तोंडावर आपटलो. २०२४ मध्ये जपानमध्ये सुमारे ७ लाख ९० हजार नवी घरं सुरू झाली, अमेरिकेत सुमारे १३ लाख ७० हजार. दर हजार माणसांमागे जपान सहाच्या वर, अमेरिका चार! वयस्कर, आक्रसत चाललेला जपान दरडोई अमेरिकेपेक्षा जास्त घरं बांधतो. आणि त्याच देशात २०२३ च्या पाहणीनुसार ९० लाख घरं रिकामी आहेत. कारण जपानी माणूस जुनं घर सहसा घेत नाही. ते पाडतो आणि नवं बांधतो.

आणि नव्या जपानी घरात भिंतीतली कपाटं असतात. पूर्वी नवरीबरोबर पॉलोनिया लाकडाची उंच कपाटं सासरी जात. ती पद्धत मोडत गेली. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात माणसं जशी घरांखाली दबली तशी पडलेल्या फर्निचरखालीही दबली. त्यानंतर उंच, सुटं कपाट भिंतीला ठोकून टाकायचं किंवा ठेवायचंच नाही, हे लोकांच्या मनात बसलं. घर नवं, पण हलवायचं फर्निचर कमी.

अमेरिकेत घरं हातोहात फिरतात. तिथे बघायचा आकडा आहे जुन्या घरांच्या विक्रीचा. २०२१ मध्ये ६१ लाखांवर घरांचे व्यवहार झाले, आणि त्याच सुमारास फर्निचरची आयात विक्रमी होती. मग गृहकर्ज तीन टक्क्यांवरून सातवर गेलं. स्वस्त कर्ज असलेला माणूस घर विकायला तयार होईना, आणि २०२४ मध्ये व्यवहार ४० लाख ६० हजारांवर आले, १९९५ नंतरचा नीचांक. जो घर बदलत नाही तो सोफा बदलत नाही. त्याआधीची मोठी दरीही घरांचीच: २००५ मध्ये २० लाख ७० हजार नवी घरं, २००९ मध्ये साडेपाच लाख.

सध्याची नवी खूण १४ ऑक्टोबर २०२५ ची आहे. त्या दिवसापासून अमेरिकेने कापड-गादीच्या लाकडी फर्निचरवर आणि किचन कॅबिनेटवर २५ टक्के शुल्क लावलं, आणि या वेळी फक्त चीनवर नाही, बहुतेक सगळ्यांवर. जपान आणि युरोपला १५ टक्के, ब्रिटनला १०. म्हणजे माल वळवायला आता नवा व्हिएतनाम शोधून फारसा उपयोग नाही. हा आदेश ९४०१६१ मधल्या सोफ्यांना लागतो, बिनगादीच्या पलंगाला नाही; तेव्हा दोन्ही ओळी एकत्र बेरजेत घातल्या तर काहीच कळणार नाही. त्यातही महिन्याचा आकडा बघायचा. तारखेआधी गोदामं भरली जातात, रेषा चढते. नंतर खड्डा पडतो.

तारखेच्या थोडं आधी भावाचा फोन आला होता: सोफा आत्ता घेऊ की थांबू? मी म्हटलं, दुकानदाराला एवढंच विचार, माल गोदामात आहे की अजून जहाजावर.